आमच्या गल्लीचा कूलर

डोंगरकड्यात मी भाड्यानं घेतलेल्या खोलीवर पत्रे होते आणि महिना एप्रिल होता. मराठवाड्यातल्या माणसाला एवढ्यावर सगळं समजतं. पण मी कुडाळचा. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे अंग चिकचिकतं, आंबे पिकतात आणि मुंबईकर येतात. तिन्हींचा त्रास साधारण सारखाच.

त्यात मी भूगोलाचा शिक्षक. 'मराठवाड्याचे हवामान उष्ण व कोरडे आहे' हे वाक्य मी कुडाळच्या शाळेत हंगामी असताना ढीगभर मुलांकडून घोकून घेतलं होतं. 'कोरडे' लिहायला विसरणाऱ्याचा अर्धा गुण कापायचो. पुढे कायमची नोकरी मिळाली ती डोंगरकड्याच्या शाळेत, आणि पहिल्याच एप्रिलमध्ये कळलं की त्या वाक्यात फक्त भाषा बरोबर आहे. ओली चादर पांघरून झोपावं, तर कूस बदलेपर्यंत ती पापडासारखी वाजायला लागायची. माठातलं पाणी प्यायलो की ते घशातून पोटात जाईपर्यंत वाटेतच आटतंय, असं वाटायचं. शाळा सकाळची झाली होती, त्यामुळे अख्खी दुपार त्या पत्र्याखाली काढायची. घरी आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "सुती कपडे घाल." मी त्या वेळी कुठलेच कपडे घातलेले नव्हते, हे तिला कसं सांगणार?

"कूलर घ्यावा म्हणतो," मी एके दिवशी घरमालकांना म्हणालो. आपल्यासारखी माणसं कुठलीही वस्तू थेट घेत नाहीत. आधी 'घ्यावी म्हणतो' असं चारचौघांत सोडून देतात आणि चारचौघं काय म्हणतात ते बघतात. ही चूक मी परत केलेली नाही.

घरमालक रामकिशनराव केळीचे बागायतदार. ते पुढच्या भागात राहायचे आणि मागची खोली माझी. ते विचारात पडले. त्यांच्या पत्नी शालूबाई मात्र विचारात वेळ घालवत नसत.

"कूलरनं हाडं धरतेत, सावंत सर."

"सामंत," मी म्हणालो.

"त्येच त्ये. हाडं काय आडनाव बघून धरून राहिलीत का?"

संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर झाली. कुणी म्हणालं लोखंडीच घ्या, प्लास्टिकच्या कूलरला दम नसतो. कुणी म्हणालं, वाळ्याच्या ताट्या नांदेडच्याच पाहिजेत, नाहीतर वारा येतो पण गारवा येत नाही. एका आजोबांनी, निजामाच्या काळात कुणाकडेही कूलर नव्हता आणि तरी कुणी मेलं नाही, अशी माहिती दिली. थोडा विचार करून ते म्हणाले, "म्हंजी मेले, पण दुसऱ्या कारनानं."

खरी अडचण खिडकीची निघाली. माझ्या खोलीची खिडकी कूलरच्या तोंडापेक्षा लहान होती. रामकिशनराव भला माणूस. म्हणाले, "फोडून टाकू, सर. भिताड आपलंच हाय." गवंडी आला, त्यानं मोठ्या उत्साहानं दुपारभरात खिडकी, चौकट आणि आजूबाजूची भिंत काढली आणि 'येतो' म्हणून मेहुणीच्या लग्नाला गेला. लग्नसराई होती. त्या मेहुणीमागे त्याला आणखी मेहुण्या असाव्यात.

आता माझ्या खोलीला रस्त्याच्या बाजूनं एक प्रशस्त भगदाड होतं. मी आजवर खाजगी आयुष्य जगत होतो हे मला ते गेल्यावर कळलं. येणारा-जाणारा वाकून आत बघायचा आणि 'सर, जेवन झालं का?' असं विचारायचा. भाजी चिरत असलो तर 'दोडकं व्हय?' शिवाय शेळ्या. एका शेळीनं नववीच्या वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिकांपैकी एक खाल्ली. त्या मुलाला मी सरासरीनं गुण दिले, आणि त्याचे वडील पेढे घेऊन आले, कारण सरासरीपर्यंत तो आधी कधी पोचलाच नव्हता.

अशाच एका दुपारी मी डोक्याला ओला पंचा बांधून, पाय पाण्याच्या बादलीत सोडून, बनियनवर बसलो होतो. भगदाडात एक बाईमाणूस उभं राहिलं. पांढरी साडी, खांद्याला पिशवी, हातात खडू.

"घरात किती मानसं हैत?"

"एक," मी म्हणालो आणि पंचा डोक्यावरचा खांद्यावर घेतला. त्यानं सभ्यता वाढली नाही, फक्त पाणी बनियनमध्ये उतरलं.

"ताप हाय का?"

"नाही. उकडतंय."

"मंग बादलीत पाय घालून काहून बसलात?"

मी पाय बादलीबाहेर काढले. तिनं दाराच्या चौकटीवर खडूनं काहीतरी खूण केली आणि ती पुढच्या घरी गेली. शालूबाईंनी नंतर माहिती पुरवली. सरकारी दवाखान्यातल्या नव्या सिस्टर. नाव सत्यशीला. सेनगावकडच्या साखऱ्याच्या. मेंढरं राखणाऱ्या घरातली पोरगी, पण शिकली. एकटीच दवाखान्यामागच्या क्वार्टरात राहती. "लई कडक हाय," शालूबाई म्हणाल्या, "पन सुई हलकी देती."

शेवटी मी नांदेडहून कूलर आणला. एसटीच्या टपावर वऱ्हाडाच्या ट्रंका असल्यामुळे कंडक्टरनं कूलर आत घ्यायला लावला, तो शेवटच्या सीटवर खिडकीशी बसला आणि मी डोंगरकड्यापर्यंत त्याच्याशेजारी उभा राहिलो. मेहुण्या संपल्यामुळे गवंडीही परतला होता. भगदाडात कूलर बसला, भोवती विटा बसल्या, टाकीत पाणी पडलं, आणि मी बटण दाबलं.

पिठाच्या गिरणीसारखा आवाज झाला. मग ओल्या वाळ्याचा वास आला, आणि त्यामागून वारा. गार! मी डोळे मिटले. क्षणभर वाटलं, आपण कर्ली नदीच्या काठी बसलोय. डोळे उघडले तेव्हा खोलीत शालूबाई, त्यांच्या दोन जावा, निजामाच्या काळातले आजोबा आणि कुणाची तरी चार लेकरं होती.

"चांगला हाय की," शालूबाई म्हणाल्या आणि त्यांनी सुपात तुरीची डाळ निवडायला घेतली.

मला वाटलं, नव्याची नवलाई आहे. पण दुसऱ्या दिवशी माणसं वाढली. आठवड्याभरात असं झालं की शाळेतून मी परत यायचो तोवर खोली भरलेली असायची. बायका शेवया करताहेत, आजोबा कूलरच्या बरोबर तोंडाशी घोरताहेत, लेकरं माझ्या नकाशांवर झोपलीत. मला जागा दाराबाहेर ओट्यावर. आतून कुणीतरी म्हणायचं, "सर, ऊन लई हाय, आत या की!" माझ्याच खोलीत! आणि मी जाऊ शकायचो नाही, कारण पाय ठेवायला जागा नसायची.

पाण्याचंही तसंच. कूलर म्हशीसारखा पाणी पितो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एप्रिलात डोंगरकड्याचा नळ येईल तेव्हा यायचा. पण या बाबतीत गल्ली न्यायानं वागली. बसायला येणारी प्रत्येक बाई येताना एक कळशी घेऊन यायची आणि टाकीत ओतायची. कळशी न आणणारीला शालूबाई दारातून परत पाठवायच्या. मला विचारायचा प्रश्नच नव्हता. मी फक्त कूलरचा मालक होतो.

एका शनिवारी सिस्टर पुन्हा आल्या. या वेळी मी पूर्ण कपड्यांत होतो आणि त्यामुळे जरा आत्मविश्वासानं उभा राहिलो. त्यांनी गर्दीकडे पाहिलं, कूलरची मागची ताटी काढली आणि टाकीत विजेरी मारली.

"सर, तुमी भूगोल शिकवता ना?"

"हो."

"ह्या टाकीत जीवशास्त्र चालू हाय. या, बघा."

पाण्यात बारीक बारीक अळ्या वळवळत होत्या. डासांच्या. इतक्या की मी आवाज न काढता मागे सरलो.

"आठवड्यातून एक दिवस टाकी रिकामी करायची. घासायची. वाळवायची. कोरडा दिवस."

बायकांनी एकच ओरडा केला. एवढं पाणी फेकायचं? सिस्टर हलल्या नाहीत. त्यांनी एकेका लेकराकडे बोट दाखवून 'ह्याला मलेरिया झाला तर कूलर औषध देनार हाय का?' असं विचारलं आणि ते पाणी बादल्या-बादल्यांनी रामकिशनरावांच्या लिंबाला घालायला लावलं. टाकी मी घासली. सगळ्या गल्लीसमोर, पँट दुमडून. सिस्टर वरून 'तिकडं कोपऱ्यात, बराबर' असं सांगत होत्या.

अपमानच होता. तो मला झोंबायला हवा होता. पण पुढच्या शनिवारी सकाळी मी दाढी करताना माझ्या लक्षात आलं की मी कालही दाढी केली होती. त्या शनिवारी त्या आल्या, टाकी पाहिली, आणि पाणी प्यायला थांबल्या. त्यापुढच्या शनिवारी चहाला.

"तुमच्याकडं पाऊस कसा असतो?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. चार महिने कसा लागून राहतो, भिंतींवर शेवाळ कसं चढतं, पायांखाली पाणी कसं वाहतं. मी रंगात आलो होतो.

"सगळं वल्लंच?" त्या म्हणाल्या. "मंग कपडे वाळतात कवा?"

चार महिने विस्तवावर वाळवतात, हे सांगताना पहिल्यांदाच मला कोकणाची किंचित लाज वाटली.

इकडे माझ्या कूलरचं नाव झालं होतं. रामकिशनरावांना, भाडेकरूकडे कूलर आणि मालकाकडे नाही, हे बरं दिसेना. त्यांनी घेतला. त्यांनी घेतला म्हणून त्यांच्या चुलतभावानं घेतला. चुलतभावाशी त्यांचं नव्हतं म्हणून पलीकडच्या आळीनंही घेतले. लाइनमन भावसिंग येता-जाता खांबाकडे बघून मान हलवायचा. "डीपी म्हातारी हाय, सर. एवढं लोड घेत न्हाई." डीपी म्हणजे गावाला वीज देणारा तो खांबावरचा डबा. मीही मान हलवायचो. माझा कूलर सगळ्यांत आधीचा होता, त्यामुळे लोड दुसऱ्यांचं, असं माझं मत होतं.

मे महिन्यातला पहिला शनिवार. दुसऱ्या दिवशी रविवारी पोलिओचे डोस. दुपारी गावातले सगळे कूलर एका सुरात चालू होते, आणि धाडकन आवाज झाला. गिरण्या थांबल्या. गावभर शांतता. मग दूरवरून भावसिंगचा आवाज आला, "उडाली!"

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आजोबासुद्धा उठले.

"पयला कूलर कुनी आनला?" असं कुणीतरी रस्त्यावरून म्हणालं. आदल्या दिवशीपर्यंत ज्या घरानं माझ्या कूलरसमोर शेवया वाळत घातल्या, त्याच घरातला तो आवाज होता.

थोड्या वेळानं सत्यशीला सिस्टर आल्या. धावत आल्या होत्या. मी खाली मान घालून बोलणी खायची तयारी केली. पण त्या ओरडल्या नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं. घामानं चेहरा भरला होता.

"सर, बर्फ कुठं भेटंल? दोन दिवसांपासून वीज जाऊन येऊन राहिली, लसीच्या पेटीत बर्फ धरलाच न्हाई. आता तर सगळंच गेलं. उद्या सकाळी आठ गावांत डोस न्यायचे हैत. डोस गरम झाले तर लेकरांना पाजून उपयोग न्हाई. डॉक्टर जीप घेऊन हिंगोलीला गेलेत."

रसवंतीवाल्याकडे बर्फ नव्हता. त्याचा बर्फ एका लग्नाला गेला होता. पलीकडच्या गावात, पाटलांच्या नातीचं लग्न, सरबतासाठी नांदेडहून लाद्या आल्या होत्या. गावातल्या सगळ्या जीपाही त्याच वऱ्हाडाला गेल्या होत्या.

रामकिशनरावांनी आपल्या एम-एटी गाडीची किल्ली पुढे केली. मी ती घेतली आणि मग खरं सांगावं लागलं.

"मला चालवता येत नाही."

"मला येती," सिस्टर म्हणाल्या.

त्या दुपारी डोंगरकड्याच्या रस्त्यावर उन्हामुळे माणसं नव्हती असं म्हणतात. साफ खोटं आहे. प्रत्येक दारात कुणीतरी उभं होतं, आणि गावच्या भूगोलाच्या सरांना सिस्टरच्या मागे, पोत्यांची गुंडाळी उराशी धरून बसलेलं प्रत्येकानं पाहिलं. माझे दोन विद्यार्थी होते. त्यांनी नमस्कार केला. मीही केला, त्यामुळे तोल गेला आणि सिस्टर म्हणाल्या, "सर, धरून बसा." कशाला धरून, हे काही त्या बोलल्या नाहीत. मी सीटच्या मागच्या दांड्याला धरलं. तो तापलेला होता.

मांडवात लग्न लागायचं होतं. मुलीचे वडील हात जोडत होते आणि बर्फ द्यायला तयार नव्हते. "सिस्टर, वऱ्हाड परभणीचं हाय. गरम सरबत दिलं तर जन्माचं बोलनं राहील." त्यांचंही खोटं नव्हतं. मी शिक्षकी आवाजात लसीकरणाचं राष्ट्रीय महत्त्व सांगायला सुरुवात केली, तेव्हा बँडवाल्यांनीही सुरुवात केली.

सिस्टर तोपर्यंत नवरदेवाच्या आजीजवळ जाऊन बसल्या होत्या. जनकाबाई त्यांचं नाव, खुर्चीत न मावणाऱ्या. काय बोलल्या ते बँडमध्ये ऐकू आलं नाही. आजींनी काठी आपटली, बँड थांबला.

"लेकरांच्या डोसाला पायजे तर न्या बर्फ. आमी माठातलं पानी पिऊ," त्या म्हणाल्या. "पन अक्षता टाकून जा. आन् जेवून. दारातनं तसं कुनी जात नसतं."

"आजी, बर्फ वितळंल," सिस्टर म्हणाल्या.

"मंग बुंदी तरी तोंडात घाला. जोड्यानं आलात."

"जोडी न्हाई, आजी," सिस्टर घाईनं म्हणाल्या. "ह्ये सर हैत."

"सर हैत म्हंजी काय? सरांचं लगीन होत न्हाई व्हय?"

सगळा मांडव हसला. अंतरपाट धरला गेला. आम्ही दोघं मागे शेजारी शेजारी उभे राहून दुसऱ्यांच्या लग्नात अक्षता टाकत होतो. सिस्टरच्या अक्षता नेमक्या पडत होत्या. माझ्या मात्र समोरच्या गृहस्थांच्या टोपीवर. तोंडात बुंदी असल्यामुळे कुणालाच काही बोलायची गरज नव्हती, आणि मला वाटतं आम्हा दोघांनाही ते सोयीचं होतं.

परत येताना पोत्यात गुंडाळलेली लादी माझ्या मांडीवर होती. वरून आग, समोरून झळा आणि मांडीवर बर्फ. मराठवाड्यात आल्यापासून पहिल्यांदा मला हुडहुडी भरली. पँट भिजून रस्ताभर धार लागली होती. दारादारांत तीच माणसं अजून उभी होती, आणि आता त्यांच्याकडे बघण्यासारखं जास्त होतं. दात वाजत असताना मी म्हणालो, "स-सिस्टर, गाव काय म्हणेल?"

"म्हनू द्या," त्या पुढे बघत म्हणाल्या. "बर्फ धरा नीट."

रविवारी आठही गावांत डोस पाजून झाले. पाजलेल्या लेकरांच्या बोटाला शाई लावायचं काम मला दिलं होतं. एका लेकरानं माझंच बोट चावलं, तरी शाई लावली.

नवी डीपी मात्र आली नाही. वीज कार्यालयात गावातर्फे अर्ज घेऊन मला पाठवलं, कारण पहिला कूलर माझा. तिथल्या साहेबांनी कागद पाहिले. "आमच्या रेकॉर्डला तुमची डीपी चालू हाय."

"पण ती जळली आहे."

"तसं रेकॉर्डला न्हाई. चालू डीपीला नवी डीपी कशी द्यायची, तुमीच सांगा. शिकलेले आहात."

भावसिंगला जळाल्याचा दाखला द्यायला सांगितलं, तर तो म्हणाला, दाखला साहेबच देतात. असे आम्ही आठवडे काढले.

आणि इथे एक गंमत झाली. कूलर बंद, पंखा बंद, पत्रा तसाच. दुपारी मी वीज कार्यालयातून आलो, तर खोली भरलेली. शालूबाई डाळ निवडताहेत, आजोबा बंद कूलरच्या तोंडाशी घोरताहेत. आत उकडून जीव जात होता.

"अहो, आता काहून बसलात?" माझ्या तोंडून त्यांचाच शब्द गेला. "वारा नाही, काही नाही."

शालूबाईंनी मला वेडा आहे की काय असं पाहिलं. "घरी एकटं बसून काय करावं? या, बसा." आणि त्यांनी सूप बाजूला घेऊन मला जागा केली. मी बसलो. माझ्या पुढ्यात डाळीचा एक ढीग आला. त्या दुपारी मी तीन घरांची डाळ निवडली.

मोबाईल तेव्हा माझ्याकडे होता, पण रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर यायची, तीही ओरडून बोललं तर. तिथे भावाचा फोन आला. कुडाळच्या शाळेत कायमची जागा निघाली होती, संस्थाचालकांशी बोलणं झालं होतं. जूनला ये. "कुडाळला?" मी आनंदानं ओरडलो. "कायमचं?" खाली अर्धं गाव होतं.

मी जिना उतरेपर्यंत निकाल लागला होता. सर चालले. कुणी 'बरं झालं, आपलं गाव ते आपलं गाव' म्हणालं. रामकिशनरावांनी कूलर कुणाला देणार ते विचारलं, मग स्वतःच शरमले आणि केळीचा घड आणून ठेवला. शालूबाई सुपातली डाळ तशीच टाकून आत गेल्या. त्यांनी निवडणं अर्धवट सोडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. वर्षभर मी ज्या बातमीची वाट पाहिली ती आली होती, आणि मला जेवण जात नव्हतं.

शनिवारी सत्यशीला आल्या. खोली नेहमीसारखी भरलेली. त्यांनी कुणाकडे न बघता कूलरची ताटी काढली आणि टाकीत विजेरी मारली.

"वीजच नाही," मी म्हणालो. "टाकी कधीची कोरडी आहे."

"शनिवार हाय ना."

बराच वेळ त्या आत बघत राहिल्या.

"काय शोधताय?"

"अळ्या."

"कोरड्या टाकीत?"

"तुमाला काय करायचंय?" त्यांनी ताटी दाणकन बसवली. "तुमी चालला ना? जावा की. मानसानं आपल्या मानसांत जावं. वल्लं असलं तरी." आवाज असा निघाला की आजोबांचं घोरणं थांबलं.

मी वर्गात तास सुरू करताना घसा साफ करतो, तसा केला. "आणि नाही गेलो तर?"

"तर दर शनिवारी टाकी घासावी लागंल."

"जन्मभर?"

खोलीत सुपांचा आवाज बंद झाला. त्या लाल झाल्या. "त्ये आमच्या आबांना इचारा," एवढं म्हणून त्या निघून गेल्या, विजेरी तशीच चालू ठेवून.

मी बसून राहिलो. शालूबाईंना राहवलं नाही. "इचारा की, सर! बसलात काहून? साखऱ्याला जायचं तर पहाटच निघा. हिंगोलीला गाडी बदला, सेनगावला बदला."

त्या संध्याकाळी मी टाकीच्या जिन्यावरून आधी भावाला नाही म्हणून सांगितलं. मग आईला सगळं सांगितलं.  

"मासे खातात का ती माणसं?" ती म्हणाली.

"इथे मासे कुठून, आई? त्यांची मेंढरं आहेत. मोठा कळप."

"मग मटण तरी खातात ना? चालेल. उपाशी राहणार नाहीस." नंतर हळूच म्हणाली, "लांब गेलास रे."  खाली जमलेल्या बायकांपैकी शालूबाईंनी ओरडून सांगितलं, "आमी हाव की हितं, म्हनावं!" ते रेंजमध्ये गेलं की नाही कोण जाणे.

साखऱ्याला सत्यशीलाचे वडील मसाजी आबा बाभळीखाली बसले होते. माझ्याआधी बातमी पोचली होती, कारण त्यांनी कोण, कुठले काही विचारलं नाही. घोंगडी टाकली, पाणी दिलं. समोर मेंढरं मान खाली घालून उभी होती. सत्यशीला सुट्टी घेऊन आली होती, ती आणि तिची आई सिंधूबाई दाराआड.

"तुमचं कुडाळ कुठं आलं?" आबा म्हणाले.

हा माझा विषय. मी काडी घेऊन मातीत महाराष्ट्र काढला, सह्याद्री काढला, किनारपट्टी काढली. तेवढ्यात एक बोकड त्यावरून चालत गेला. रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत काही राहिलं नाही.

"पाऊस किती तिकडं?"

"चार महिने. सतत."

आबांनी मान हलवली. "मंग न्हाई जमायचं. वल्लीत मेंढराचे खुर सडतेत. मानसाचंही तसंच हाय. पोरगी वाळल्या जमिनीवर वाढली. तिला तिकडं कशी धाडू?"

"तिकडे न्यायचंच नाही, आबा," मी म्हणालो. "ती जागा मी सोडली. मी डोंगरकड्यालाच राहणार."

"पक्कं?"

"पक्कं."

"आन् परत म्हनाल, आईची आठवन येऊन राहिली?"

"येईल," मी म्हणालो. "तेव्हा दोघं जाऊ. दिवाळीत. पाऊस नसतो."

आबा मेंढरांकडे बघायला लागले. मी ती मोजायला सुरुवात केली. पण ती सारखी जागा बदलत होती. मग त्यांनी घराकडे बघून खाकरलं. सिंधूबाई दारात आल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "उन्हाचं आलेत. जेवून जावा म्हनावं."

आबा उठून मेंढरांकडे गेले. सत्यशीला तांब्या घेऊन बाहेर आली, माझ्या हातावर पाणी घालायला. मी हळूच विचारलं, "हे 'हो' आहे का?"

"व्हय," ती खाली बघत म्हणाली. "न्हाई असतं, तर चहावर भागवलं असतं."

ज्वारीची गरम भाकरी आली, कांदा आला, आणि लाल मिरचीचा ठेचा. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सिंधूबाई घाबरल्या. लई तिखट झालं का, म्हणून दुधाचा पेला आणायला धावल्या. ठेचा तिखट होता, यात शंका नाही. पण सगळंच काही ठेच्यामुळे नव्हतं. मी मात्र ठेच्याचंच नाव घेतलं आणि आणखी एक भाकरी मागितली.